बॅक दाबलं की शंकराची आरती

सुरू झालेली आरती मध्येच तोडायची नाही. कोणी चुकीची सुरू केली, भलत्याच पट्टीत सुरू केली, तरी आपण टाळ्या वाजवत शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. का, ते विचारायचं नाही.

हा आमच्या सोसायटीचा नियम. सातवीत असताना मी विचारलं होतं. सेक्रेटरी पटवर्धन काकांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझं जेवण अर्ध्यावर काढून घेतलं तर चालेल?" गणपतीच्या आरतीचा आणि माझ्या जेवणाचा संबंध काय, हे विचारायच्या आत ते निघून गेले होते. पुण्यात मोठ्या माणसांशी वाद असाच होतो. ते एक वाक्य बोलतात आणि निघून जातात.

तर या नियमाने आणि माझ्या अतिशहाणपणाने मिळून गेल्या गणपतीत माझी जी शोभा केली, ती आज सांगूनच टाकते. हसा पोटभर. फक्त माझ्या ऑफिसात कोणाला कळू देऊ नका. तिथे लोक मला अँड्रॉइड डेव्हलपर समजतात.

आम्ही हडपसरला राहतो. बाबा मूळचे वर्ध्याकडचे. इथल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आले आणि इथलेच झाले. म्हणजे असं त्यांना वाटतं. सोसायटीच्या लेखी आम्ही अजूनही 'ते नागपूरवाले'. वर्धा आणि नागपूर ही दोन वेगळी गावं आहेत, हे मी फोनवर नकाशा उघडून दाखवलेलं आहे. "हो हो, तिकडचेच ना," म्हणतात.

सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा, पार्किंगमध्ये. मूर्ती ज्याच्या हस्ते बसते, पाचही संध्याकाळी आरतीचं ताट त्याच्याच हातात. दर वर्षी एका घराला हा मान मिळतो. आम्ही राहायला आलो तेव्हापासून तो मान लिफ्टसारखा वर-खाली जात होता, आमच्या मजल्यावर काही थांबत नव्हता. गेल्या वर्षी थांबला. बाबांनी त्याच संध्याकाळी नवीन धोतर आणलं, नेसायचं कसं हे मोबाइलवर बघून तीनतीनदा नेसून बघितलं, वर्ध्याला सगळ्या भावांना फोन केले. आणि त्याच महिन्यात त्यांचा उजवा खांदा आखडला.

डॉक्टर म्हणाले, हात वर धरून फार वेळ उभं राहू नका. आई म्हणाली, "मग डाव्या हाताने ओवाळा." बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने बूट घालून मांडवात उभं राहायला सांगितलं होतं.

आता आमची आरती चालते पाऊण तास. गाण्यात नाही हो जात एवढा वेळ! वेळ जातो "आता कुठली?" यात. आरतीची जुनी पुस्तकं आहेत, त्यातल्या निम्म्यांची पानं गेलेली, उरलेल्यांवर तुपाचे डाग. एकाचं पान सापडतं तोवर दुसऱ्याचा चष्मा पडतो. तोवर ताट वरच.

मी हिशेब केला. पाऊण तासाची आरती वीस मिनिटांवर आणली, तर बाबांचा खांदा पाचही दिवस टिकेल. आणि ते काय अवघड आहे? एक ॲप करायचं. आरत्यांची यादी, आरतीवर बोट ठेवलं की मोठ्या अक्षरात आरती, खाली 'पुढची' असं बटण. मी कमिटीच्या बैठकीत जाऊन सांगितलं, "एका रविवारात करून देते."

"आरत्यांचा क्रम काय ठेवू?" मी विचारलं.

"क्रम सगळ्यांना माहीत आहे," पटवर्धन काका म्हणाले.

"मला माहीत नाही."

"इतकी वर्षं मांडवात उभी राहतेस ना?"

झालं. एक वाक्य बोलले आणि चहा घ्यायला निघून गेले. मग मी ठेवला माझ्या मनाने क्रम. गणपती, शंकर, देवी, दत्त, विठोबा, शेवटी मंत्रपुष्प. पहिल्या तीन तरी बरोबर निघाल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी काकांना ॲप दाखवायला गेले. त्यांनी गणपतीची आरती उघडली, मान डोलावली, अक्षर मोठं आहे म्हणाले. मग बॅक दाबलं. ॲप गायब!

"बंद पडलं," काका म्हणाले.

"बंद नाही पडलं काका, तुम्ही बाहेर आलात."

"मी कुठे बाहेर आलो? मी इथेच बसलोय."

"ॲपच्या बाहेर."

"मला यादीत यायचं होतं. मागे वळल्यावर माणूस घरात यायला हवा. एकदम रस्त्यावर कसा येतो?"

बोलणं कुजकट, पण मुद्दा बरोबर होता. याचाच तर राग येतो.

दोन मिनिटं तांत्रिक बोलते, चहा थंड होणार नाही. असल्या ॲपमध्ये स्टेज एकच असतं आणि त्यावर देखावे बदलत राहतात. यादीचा देखावा, गणपतीच्या आरतीचा देखावा, देवीच्या आरतीचा देखावा. या देखाव्यांना आम्ही फ्रॅगमेंट म्हणतो. गंमत अशी, की देखावा बदलला की फोन आधीचा देखावा आपणहून लक्षात ठेवत नाही. आपण सांगावं लागतं, की हा लक्षात ठेव आणि माणूस मागे आला तर हाच दाखव. नाही सांगितलं, तर बॅक दाबल्यावर फोनला वाटतं मागे काहीच नाही, आणि ॲप बंद.

मी सांगायला विसरले होते. पहिल्या सेमिस्टरची पोरं करतात ती चूक! मी तिथेच, काकांच्या सोफ्यावर बसून लॅपटॉप उघडला आणि जिथे जिथे देखावा बदलतो तिथे तिथे ती एक ओळ चिकटवली. लक्षात ठेव, लक्षात ठेव, लक्षात ठेव. आता माझं ॲप तिसऱ्या मजल्यावरच्या लिमये काकूंसारखं झालं. मागची एकही गोष्ट विसरेना.

तपासून बघितलं का? बघितलं की! यादी उघडली, गणपतीच्या आरतीवर बोट ठेवलं, बॅक दाबलं, यादी आली. "झालं काका!" म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. 'पुढची' बटणाने दोन आरत्या पुढे जाऊन मग बॅक दाबलं तर काय होतं, हे बघायचं सुचलंच नाही. ऑफिसात असलं काही सुटलं, तर आमची टेस्टर मुलगी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढते. सोसायटीत कोण काढणार, या भ्रमात मी होते.

त्या संध्याकाळी घरोघर जाऊन प्रत्येकाच्या फोनमध्ये मी स्वतःच्या हाताने ते ॲप टाकलं. सगळ्यांनी कौतुक केलं. दोन घरी करंजी मिळाली.

पहिला दिवस. मूर्ती बसली. बाबा धोतर, उपरणं, कपाळावर गंध, हातात चांदीचं ताट. आईने फोटो काढले. सगळ्यांच्या हातात फोन. गणपतीची आरती सुरू झाली. संपली. सगळ्यांनी 'पुढची' दाबलं. शंकराची. 'पुढची'. देवीची. अहो, काय सांगू, घड्याळासारखी चालली होती! पुस्तक शोधणं नाही, चष्मा पडणं नाही. मी बाबांकडे बघून अंगठा दाखवला. बाबा ताट ओवाळता ओवाळता हसले.

देवीची संपली. सगळ्यांनी 'पुढची' दाबलं. आली दत्ताची.

आणि आमच्या सोसायटीत देवीनंतर म्हणतात विठोबाची.

लोक थबकले. क्रम सगळ्यांना माहीत होता ना! मग यादीत जाऊन विठोबाची काढावी, असा विचार करून सगळ्यांनी एका दमात बॅक दाबलं. यादी येईना. देवीची आली. ही तर आत्ताच झाली, म्हणून पुन्हा बॅक दाबलं. शंकराची आली.

का? तर ॲपला सगळं लक्षात होतं! यादीतून गणपती, गणपतीवरून शंकर, शंकरावरून देवी, देवीवरून दत्त. ज्या वाटेने पुढे आलात त्याच वाटेने ते तुम्हाला एकेक पाऊल मागे नेत होतं. यादी होती, पण सगळ्यात तळाला.

एवढ्यात लिमये काकूंनी फोनवर शंकराचं नाव बघितलं आणि सुरू केलं. लिमये काकूंचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत. त्या बाल्कनीतून भाजीवाल्याला हाक मारतात तेव्हा शेजारच्या सोसायटीतल्या बायका पिशव्या घेऊन खाली येतात. काकूंनी सुरू केल्यावर प्रश्नच नाही. आरती सुरू झाली म्हणजे झाली. सगळी सोसायटी दुसऱ्यांदा शंकराची आरती म्हणू लागली.

कोणीतरी थांबावं की नाही? कोणीतरी म्हणावं की नाही, "अहो, ही झाली"? छे! मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. प्रत्येकाला वाटत होतं, पहिल्या दिवशी दोनदा म्हणायची असणार, आपल्यालाच माहीत नाही. आणि आपल्याला माहीत नाही, हे पुण्यात कोण कबूल करणार?

शंकराची संपली. आता निम्म्या लोकांनी 'पुढची' दाबलं, त्यांना आली देवी. निम्म्यांनी बॅक दाबलं, त्यांना आला गणपती. जिन्याकडच्या बाजूने देवीची सुरू झाली, गेटकडच्या बाजूने गणपतीची. दोन्ही एकदम! कोणी कोणाला थांबवलं नाही, कारण सुरू झालेली तोडायची नाही. दोन्ही बाजूंनी आपापली आरती निष्ठेने पूर्ण केली. मग जिन्याकडच्यांना वाटलं, आपली गणपतीची राहिली. गेटकडच्यांना वाटलं, देवीची राहिली. सभ्य माणसं! दोघांनी एकमेकांची म्हणून टाकली.

मी मागून ओरडत होते, "बॅक दाबू नका! बॅक नका दाबू!" टाळ आणि झांजांपुढे कोणाला ऐकू जाणार? ज्यांना ऐकू गेलं, त्यांनी 'बॅक' एवढंच ऐकलं आणि दाबलं.

आणि या सगळ्यात ताट फिरत होतं. सुरुवातीला बाबांच्या कपाळाच्या उंचीवर होतं. मग गळ्याच्या. मग छातीच्या. कापूर दोनदा घालून झाला. निरांजनाची ज्योत थरथरायला लागली. वारा नव्हता. बाबांचा हात थरथरत होता. ते दात आवळून मूर्तीकडे बघत होते आणि कपाळावरचं गंध घामाने नाकापर्यंत आलं होतं.

ती आरती संपली, कारण लिमये काकूंच्या फोनची बॅटरी संपली. आवाजच गेला म्हटल्यावर पटवर्धन काकांनी संधी साधून तोंडपाठ मंत्रपुष्प सुरू केलं.

सव्वा तास! वीस मिनिटांचं ॲप माझं!

वर लोक काय म्हणाले ऐका. "किती प्रसन्न वाटलं आज!" "अशी आरती कित्येक वर्षांत झाली नाही!" मला वाटलं, पार्किंगमध्येच जमिनीत गडप व्हावं. पटवर्धन काका मात्र बाबांकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वानखडे, उद्यापासून ताट मी धरतो. तुमच्या खांद्याला झेपत नाही, मी बघत होतो. यात काही कमीपणा नाही."

यात कमीपणा होता की नाही, ते बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी आल्यावर आई गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली आणि माझ्यावर घसरली. "तुला कोणी सांगितलं होतं ॲप करायला? चांगली पुस्तकं होती!"

"काऊन बोलून राहिली तिले?" बाबा पिशवी खांद्यावर दाबत म्हणाले. "पोट्टीनं चांगल्यासाठीच केलं ना!" मग थोड्या वेळाने, कोणाकडेच न बघता, "इतक्या वर्षांनी आलं हातात. एका दिवसात कसं सोडून देऊ?"

जेवणं झाल्यावर मी बसले. चूक दिसायला फार वेळ लागला नाही, दिसली की फार सोपी असते. आरतीवरून आरतीवर जाताना काही लक्षात ठेवायचं नाही. फक्त यादी लक्षात ठेवायची. मग कुठल्याही आरतीवरून बॅक दाबलं की सरळ यादी, आणि यादीवरून बॅक दाबलं की ॲपच्या बाहेर. घर आणि मग रस्ता. काकांनी आधीच सांगितलं होतं तसं. क्रमही बदलला. या वेळी सगळ्या वाटा तपासल्या, पुढे, मागे, दोनदा पुढे एकदा मागे, सगळ्या.

सकाळी ऑफिसला निघायच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर नव्या ॲपची लिंक टाकली. 'कृपया सर्वांनी यावरून ॲप अपडेट करावे.' पटापट अंगठे आले. वरपासून खालपर्यंत नुसते अंगठे! लिमये काकूंनी तर अंगठ्यासोबत फूलही पाठवलं. मी दिवसभर ऑफिसात शीळ घालत काम केलं.

संध्याकाळी मांडवात गेले तर पटवर्धन काका स्वच्छ उपरणं घेऊन, हात धुऊन तयार. बाबाही धोतर नेसून तयार. दोघांच्या मध्ये टेबलावर ताट.

"वानखडे, काल आपलं ठरलं होतं," काका म्हणाले.

"आजचा दिवस बघू द्या ना साहेब," बाबा म्हणाले.

आता इथे एखाद्या शहाण्या मुलीने गप्प बसावं. दोन वडीलधारी माणसं आपसांत बघून घेतील. पण मला ते 'साहेब' झोंबलं. माझे बाबा पार्किंगमध्ये उभे राहून यांना साहेब म्हणतायत, आणि तेही स्वतःच्या मानासाठी!

"काका," मी म्हणाले, "काल माझ्या ॲपमुळे लांबलं. आज वीस मिनिटांत संपेल. माझी गॅरंटी."

"आणि नाही संपली तर?"

"तर ताट तुमचं. उरलेले सगळे दिवस."

"शब्द?"

"शब्द."

बोलून झाल्यावर माझं बाबांकडे लक्ष गेलं. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखाद्याने आपल्याला न विचारता आपली सायकल दुसऱ्याला दिली, तर माणूस कसा बघतो, तसे. मग ताट उचललं आणि उभे राहिले.

गणपतीची झाली. शंकराची झाली. देवीची झाली. काकांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. बघा, बघा! मी मनात म्हटलं. मी 'पुढची' दाबलं, माझ्या फोनवर बरोब्बर विठोबाची आली, आणि आज सुरुवात आपणच करावी म्हणून मी खणखणीत आवाजात सुरू केलं.

पहिल्या ओळीपर्यंत मी एकटी होते. दुसऱ्या ओळीलाही एकटीच होते. कारण लिमये काकूंनी सुरू केली शंकराची, आणि मांडवातली झाडून सगळी माणसं शंकराची म्हणू लागली.

काकूंनी टाळ्या वाजवता वाजवता मला कोपराने ढोसलं. "अगं, चुकतेयस. शंकराची चाललीय."

मी त्यांच्या फोनमध्ये डोकावले. कालचंच ॲप! शेजारच्या फोनमध्ये बघितलं. कालचंच! अख्ख्या सोसायटीत एकटा माझा फोन बरोबर होता आणि म्हणून एकटी मी चुकत होते.

"काकू, अपडेट नाही केलंत?" मी त्यांच्या कानात ओरडले.

"लिंक होती ना ती!"

"मग?"

"तूच नाही का मागे हॉलमध्ये सगळ्यांना बसवून सांगितलंस, की कुठल्याही लिंकला हात लावायचा नाही, बँक रिकामी होते? ओळखीच्या माणसाची आली तरी नाही!"

"अहो, पण अंगठा दिलात तुम्ही!"

"मग? एवढं सकाळी सकाळी लिहिलंस, उत्तर नको द्यायला?"

आता मला सांगा, मी कोणावर चिडू? ती व्याख्यानं मीच दिली होती. लोक कधी माझं ऐकत नाहीत, अशी माझी कायमची तक्रार. एकदा ऐकलं सगळ्यांनी, अगदी एकजुटीने, तर ते हे!

शंकराची संपली. जिन्याकडून देवी, गेटकडून गणपती. कालचंच सगळं, फक्त आज लोक आत्मविश्वासाने चुकत होते. काल झालं तसंच आज करायचं, एवढं त्यांना पुरेसं होतं. ताट कपाळावरून गळ्यापर्यंत आलं. गळ्यावरून खाली. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. पटवर्धन काकांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आरती म्हणत म्हणतच, सूर न सोडता, ताटाकडे हात पुढे केला.

मला वाटलं बाबा वळतील, पाठ करतील, काहीतरी करतील. बाबांनी ताट पुढे केलं.

द्यायला लागले! खरंच ताट काकांच्या हातात देतायत. कारण पोरीने शब्द दिला होता. पोरीचा शब्द सोसायटीसमोर खाली पडायला नको.

"नाही!"

हे मी ओरडले. किती मोठ्याने, ते लिमये काकूंना विचारा. त्या म्हणतात, "माझ्यापेक्षा मोठ्याने."

जिन्याकडची देवी थांबली. गेटकडचा गणपती थांबला. झांजा थांबल्या. टाळ्या थांबल्या. आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच आरती मध्येच तुटली.

मी पुढे गेले. एका हाताने बाबांच्या कोपराला खालून आधार दिला, ताट परत वर केलं. दुसऱ्या हातात फोन होता, तो घट्ट आवळलेला. तोंड सुरू झालं होतं, ते आता थांबणार नव्हतं.

"नाही काका. ताट मिळणार नाही. शब्द मी दिला, पण ताट माझं नव्हतंच. जे माझं नाही ते मी तुम्हाला कसं देणार? बाबांना मी विचारलंसुद्धा नव्हतं. माझा शब्द मी परत घेते, तुम्ही मला खोटारडी म्हणा, ग्रुपवर लिहा, काहीही करा. ताट पाचही दिवस बाबांच्या हातात राहील. आरती तासभर चालू दे नाहीतर दोन तास. कोपर मी धरीन."

काकांचा हात हवेत तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. एक तरी टोमणा येईल, म्हणून मी वाट बघत होते. आला नाही. काका गप्प. लिमये काकू गप्प. ज्यांनी मला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत "तुला काय कळतं" म्हणून वाटेला लावलं, ती सगळी म्हातारी मंडळी गप्प.

काय सांगू तुम्हाला, काय वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा सगळी सोसायटी माझ्याकडे बघत होती आणि मी पुढे काय सांगते याची वाट बघत होती.

बाबांनी मान थोडी माझ्याकडे झुकवली. "वा," ते पुटपुटले. "आता पुढची कुठली, ते तं सांग."

मी रुबाबात फोन वर धरला. एकच बरोबर फोन, सगळ्या सोसायटीत! स्क्रीनवर माझा आणि मैत्रिणींचा सिंहगडावरचा फोटो, चौघींनी जिभा बाहेर काढलेल्या.

रागाच्या भरात फोन आवळताना माझ्याकडून बॅक दाबलं गेलं होतं. दोनदा. एकदा दाबलं की यादी, दुसऱ्यांदा दाबलं की ॲपच्या बाहेर.

तेवढं मात्र मी अगदी चोख दुरुस्त केलेलं होतं.